नाव कुणाचं, पदक कुणाला?



कपाशी वेचताना, भुसावळच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत, नाहीतर बचत गटाची बैठक सुरू व्हायच्या आधी एक विषय हमखास निघतो. कोणत्या नटीने कुणाशी लग्न केलं, कुणाचं मोडलं, कुणाला पुरस्कार मिळाला, कुणाचा हुकला. पूर्वी हे सारं मासिकाच्या रंगीत पानांतून यायचं, आता मोबाइलवर येतं. "बायकांना दुसरे उद्योग नाहीत" असं म्हणणारे बाप्येही पारावर बसून तेच बोलत असतात. तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसाला माणसाबद्दल बोलायला आवडतं.

पण या बोलण्यालाही इतिहास आहे. शंभर वर्षांहून जुना आहे. सिनेमातल्या बाईबद्दल समाज काय बोलला, तिला पैसे किती दिले, तिचं नाव छापलं की झाकलं, पदक दिलं की नाही, हे पाहत गेलं की आपल्याच घरातल्या, आपल्याच शेतातल्या गोष्टी दिसू लागतात. आणि या इतिहासाचे तीन पक्के धागे आपल्या खानदेशात येऊन मिळतात. एक अमळनेरला, एक थाळनेरला आणि एक शिरपूरला. आज आम्ही तोच इतिहास तुमच्यासमोर मांडणार आहोत.

तारामती कुठे मिळेना

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करू. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांना दाखवला गेला. राजाची राणी तारामती हे त्यातलं मोठं काम. फाळक्यांनी त्यासाठी बाई शोधली. खूप शोधली. पण नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि सिनेमा तर त्याहून नवी, संशयाची गोष्ट. घरंदाज बाई सोडाच, ज्यांना समाजाने आधीच बाहेर टाकलं होतं त्या वस्तीतल्या बायकाही तयार होईनात. शेवटी एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण फाळक्यांना सापडला. त्याने तारामती केली. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोन्ही कामं एकट्याने केली.

म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या चित्रपटातली पहिली राणी पुरुष होता.

लगेचच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात मात्र दोन बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून मुलीला एकटीने वाढवत होत्या, नाटक कंपनीत काम करून पोट भरत होत्या. तेव्हा हौस म्हणून नाही, तर चूल पेटावी म्हणून या मायलेकी पडद्यावर आल्या. याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू.

मग आली बोलक्या चित्रपटांची वेळ. १९३१ साली दुर्गाबाई खोट्यांनी 'फरेबी जाल' नावाच्या एका चित्रपटात छोटंसं काम केलं. दुर्गाबाई मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. सासरची परिस्थिती बिघडली होती आणि पैशाची गरज होती. चित्रपट निघाला सुमार. पण त्याची जाहिरात झाली ती मोठ्या घरची बाई सिनेमात आली, म्हणून. मग काय विचारता! नातेवाइकांत, ज्ञातीत गहजब झाला. तिने काम कसं केलं याबद्दल कुणी बोललं नाही. तिने कुळाची अब्रू कशी घालवली, एवढंच बोललं गेलं.

दुर्गाबाई घरी बसल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. पण प्रभात कंपनीने त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी विचारलं. १९३२ सालचा हा मराठीतला पहिला बोलपट. कथा तीच, राजा हरिश्चंद्राची. काम तेच, तारामतीचं. आणि जी माणसं कालपर्यंत नावं ठेवत होती, तीच आता कौतुक करू लागली. १९१३ ला तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. १९३२ ला मिळाली. या एकोणीस वर्षांत गोष्ट बदलली नव्हती. बदललं ते एवढंच, की काही बायकांनी लोकांचं बोलणं पचवून काम चालू ठेवलं. दुर्गाबाईंना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्या फाळक्यांना बाई मिळत नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार.

फाटकापाशी बसलेली नटी

काम मिळालं, पण मजुरीचं काय? इथे शांता आपटे हे नाव आपण लक्षात ठेवलं पाहिजे. १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न न मानणारी नीरा त्यांनी उभी केली. त्या काळात जरठ-विवाह गावोगाव होत होते, त्यामुळे ही नीरा फार गाजली.

दोनच वर्षांनी, १९३९ साली, शांताबाईंचा आणि पुण्याच्या प्रभात कंपनीचा कराराच्या अटींवरून वाद झाला. शांताबाई सरळ कंपनीच्या फाटकापाशी जाऊन उपोषणाला बसल्या. एवढी मोठी नटी, फाटकाजवळ बाकावर, अन्न सोडून! वर्तमानपत्रांना पर्वणीच मिळाली. कुणी तिला हट्टी म्हटलं, कुणी डोक्यात हवा गेली म्हटलं. पण कराराचा कागद काय म्हणतो, हा तिचा मूळ मुद्दा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना आणि मुलांना त्यांनी त्यात सावध केलं, की बाहेरून जे झगमगतं तिथे आत राबवून घेणारे मालक असतात.

मैत्रिणींनो, आपल्याकडे निंदणीला जाणारी बाई "मजुरी वाढवा" म्हणाली की तिला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. तोंडाळ. शांताबाईंनाही तेच म्हटलं गेलं.

ध्वनिमुद्रिकेवर नाव नव्हतं

आता थाळनेरला येऊ. तापीकाठचं हे जुनं गाव, धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात. फारूकी राजांच्या काळातला किल्ला तिथे आहे. याच थाळनेरच्या एका गुजराती व्यापारी घरातली मुलगी मास्टर दीनानाथ मंगेशकरांना दिली होती. त्या माई मंगेशकर. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांची आई. म्हणजे लताबाईंचं आजोळ आपलं खानदेश. थाळनेरच्या आजीकडून लहानपणी ऐकलेली लोकगीतं त्यांना पुढेही आठवत होती.

१९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ गेले. लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. पाठीवर चार भावंडं आणि माई. कमावणारं दुसरं कुणी नाही. थोरल्या लेकीने काम धरलं. आधी चित्रपटात छोटी छोटी कामं, मग गाणं.

१९४९ साली 'महल' नावाचा चित्रपट आला. त्यातलं एक गाणं देशभर गाजलं. पण त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. कामिनी हे तर चित्रपटातल्या पात्राचं नाव! आवाज लताचा, पण नाव कुठेच नाही. तेव्हा अशीच पद्धत होती. जी पडद्यावर ओठ हलवते तिचं गाणं, असं लोकांना वाटू द्यायचं.

यातून वाट काढली ती रेडिओने, आणि हे सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. गाणं लागलं की श्रोते आकाशवाणीला विचारत, हे गातं कोण? एवढी विचारणा झाली की आकाशवाणीने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून गायिकेचं नाव मिळवलं आणि ते हवेवरून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून नाव कळलं. कुणी विचारलंच नसतं, तर कामिनीच राहिली असती.

मग पुरस्काराचा वाद. 'फिल्मफेअर' मासिकाने १९५४ साली चित्रपटांसाठी पुरस्कार सुरू केले. पहिल्या वर्षी पाचच होते. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. गाणाऱ्यांसाठी काहीच नाही. १९५७ साली 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला. समारंभात लताबाईंनी त्या चित्रपटातलं गाणं म्हणावं, असं संगीतकार जयकिशन यांनी सुचवलं. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीताला आहे ना, मग वाद्यं वाजवा. गाणाऱ्याला आणि गीत लिहिणाऱ्याला तुम्ही पुरस्कार देत नाही, तर मी कशाला गाऊ, असा त्यांचा मुद्दा होता.

त्या काळी याचीही चर्चा झालीच. पण १९५९ साली गायनासाठी पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला मिळाला तो लताबाईंनाच, 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी. त्यातही गायक आणि गायिका दोघांना मिळून एकच पुरस्कार होता. दोन वेगळे व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. १९७० नंतर लताबाईंनी स्वतःच सांगितलं, की आता हा पुरस्कार मला नको, नव्या मुलींना द्या.

गाण्याच्या विक्रीतला वाटा, म्हणजे रॉयल्टी, गाणाऱ्यालाही मिळावी यासाठीही त्या भांडल्या. या मुद्द्यावर महंमद रफींचं मत वेगळं होतं आणि दोघे काही वर्षं एकत्र गायले नाहीत. लोकांनी ते भांडण चवीने चघळलं. पण भांडण होतं कशाचं? कष्टाच्या वाट्याचं. कलावंतांच्या या हक्कांसाठी कॉपीराइटच्या कायद्यात मोठी दुरुस्ती व्हायला २०१२ साल उजाडलं.

सोन्याचं पदक आणि आईचं काम

आता अमळनेर. पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी, जन्माने कोकणातले, पालगडचे. पण १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरणारे, त्यांची आजारपणं काढणारे मास्तर. आपल्या भुसावळपासून जवळच असलेल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हाही गुरुजी गावोगाव फिरून राबले होते. त्याआधी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली.

आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला. १९५३ साली तो आला. आईचं काम वनमालाबाईंनी केलं, लहान श्याम झाला माधव वझे. त्याच सुमारास केंद्र सरकारने चित्रपटांना दरवर्षी पुरस्कार द्यायचं ठरवलं होतं. १९५४ साली पहिले पुरस्कार दिले गेले. देशातल्या सगळ्या भाषांतून सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते 'श्यामची आई'ला. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'सारख्या नावाजलेल्या चित्रपटाला त्या वर्षी प्रशस्तिपत्रकावर समाधान मानावं लागलं. एका गरीब घरातल्या आईची गोष्ट देशात पहिली आली. पुढच्या वर्षीच्या पुरस्कारांत अत्र्यांच्याच 'महात्मा फुले' या चित्रपटाला मराठीसाठीचं रौप्यपदक मिळालं. त्यात सावित्रीबाई झाल्या होत्या सुलोचनाबाई.

आम्हाला याचा अभिमान आहेच. पण एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. पदक चित्रपटाला मिळालं. मग ती आई जिने उभी केली, त्या वनमालाबाईंना काय मिळालं? उत्तर असं, की त्यांच्यासाठी पुरस्कारच नव्हता. सरकारी पुरस्कारांत नट आणि नटीसाठी जागाच ठेवलेली नव्हती. ती निर्माण झाली १९६७ सालच्या चित्रपटांपासून. पहिला मान 'रात और दिन'साठी नर्गिस यांना मिळाला. म्हणजे मधली चौदा वर्षं गोष्टीला पदक होतं, ती जगणाऱ्या बाईला नव्हतं. वनमालाबाई पदवीधर होत्या, त्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानातले मोठे अधिकारी, आणि मुलीने सिनेमात जाणं त्यांना रुचलेलं नव्हतं. घरची नाराजी सोसून तिने महाराष्ट्राला आई दिली.

सत्तर वर्षांनी सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली. २०२३ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुरुजींची आई दोनदा दिल्लीला जाऊन आली म्हणायची.

पदकाने पोट भरत नाही, हेही सांगायला हवं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, १९५७ ला आणि १९९० ला. दिवस भरले असताना त्या फडावर नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आजही यात्रेत सांगितली जाते. लोक ती शौर्याची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला मात्र त्यात एक ओली बाळंतीण दिसते, जिला विसावा घ्यायची मुभा नव्हती. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. त्यांच्या नावाने सरकार आता तमाशा कलावंतांना पुरस्कार देतं.

शिरपूरची लेक

आता शेवटचा धागा, आणि तो आपल्या फार जवळचा. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. पण घराणं शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री. आई विद्याताई परिचारिका, समाजकार्य करणाऱ्या.

सावळी, साधी, मोठ्या डोळ्यांची ही मुलगी आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. तिथून श्याम बेनेगल यांनी तिला चित्रपटात नेलं. १९७६ च्या 'मंथन'मध्ये ती दूध सोसायटीच्या गावातली बाई झाली. हा चित्रपट काढायला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. बचत गट चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९७७ ला आला 'भूमिका'. तो हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला होता. हंसाबाई लहान वयातच घर चालवायला सिनेमात आल्या. त्यांच्याबद्दल लोक आयुष्यभर कुजबुजत राहिले. शेवटी बाईंनी ठरवलं, की माझ्याबद्दल दुसऱ्यांनी बोलायचं त्यापेक्षा मीच सांगते. नवऱ्याची मारझोड, दारू, चुकलेली माणसं, काहीही न लपवता त्यांनी सांगितलं आणि १९७० साली त्याचं पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. कुजबुजीवर एवढं सरळ उत्तर मराठीत क्वचितच कुणी दिलं असेल. 'भूमिका'साठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ती तेवीस वर्षांचीही नव्हती.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला 'चक्र'साठी. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, मुंबईच्या झोपडपट्टीवरचा चित्रपट. झोपडीत आडोसा नाही म्हणून बाईला उघड्यावर आंघोळ करावी लागते, हे त्यातलं दुःख. आणि जाहिरातवाल्यांनी काय केलं? तेच आंघोळीचं चित्र मोठं करून भिंतींवर लावलं. स्मिताने याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली होती. ज्या कामाला देशाचा पुरस्कार मिळाला, तेच काम चावट नजरेला विकलं गेलं. तेव्हा आपल्या मोबाइलवर एखाद्या नटीचं चित्र येतं आणि खाली घाणेरडं काही लिहिलेलं असतं, तेव्हा ते आजचं नाही हे ध्यानात घ्यावं.

१९८२ च्या 'उंबरठा'त ती घर सोडून सुधारगृहात नोकरीला जाणारी बाई झाली. संसार मोठा की काम मोठं, यावर तेव्हा घराघरात वाद झाले. असा वाद मात्र व्हावाच. त्याने माणसं शहाणी होतात.

पुढे स्मिताने आधीच विवाहित असलेल्या एका अभिनेत्याशी संसार मांडला. यावर सिनेमासिकांनी पानंच्या पानं भरली. तिला दुसऱ्या बाईचा संसार मोडणारी म्हटलं गेलं. पहिल्या बाईचं दुःख खरं होतं, ते आम्ही नाकारत नाही. पण बोल सगळा दोन बायकांच्याच पदरात पडला. निर्णय तिघांचा असताना तिसऱ्याला कुणी फारसं विचारलं नाही. आपल्या गावातही असंच होतं ना?

२८ नोव्हेंबर १९८६ ला स्मिताला मुलगा झाला. १३ डिसेंबरला ती गेली. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने. बाळ पंधरा दिवसांचं, आई एकतीस वर्षांची. ती गेल्यावर 'मिर्च मसाला' आला. त्यात मिरचीच्या कारखान्यातल्या बायका जुलमी सुभेदारावर तिखटाची पूड उधळतात. आपल्या नंदुरबारच्या मिरचीपथारीवर राबणाऱ्या बाईला तो ठसका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मैत्रिणींनो, तिच्या लग्नाबद्दल आजही लोक बोलतात. तिच्या मरणाच्या कारणाबद्दल बोलत नाहीत. दोन राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, मुंबईसारखं शहर, आणि तरीही बाळंतपण तिला घेऊन गेलं. मग चर्चा करायचीच तर याची करू. बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं नाही. पुढचे बेचाळीस दिवस जपायचे असतात. ताप येणं, अंगावरून फार जाणं, घाण वास येणं, जोराने डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके येणं, पोटात असह्य दुखणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. १०८ ला नाहीतर १०२ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. ती आली नाही तर तिला बोलवा. आली तर बाळासारखंच आईलाही तपासायला सांगा.

बोलू, पण काय बोलू?

पुरस्कारांवरचे वाद आजही थांबलेले नाहीत. ३ मे २०१८ ला दिल्लीत राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले, तेव्हा राष्ट्रपती फक्त अकरा जणांनाच स्वतः पुरस्कार देतील, बाकीच्यांना मंत्री देतील, असं ऐनवेळी कळलं. पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. कुणी म्हणालं, एवढा काय अहंकार! पण ज्यांची नावं पडद्यावर क्षणभरच दिसतात, त्या पडद्यामागच्या लोकांना तो एकच दिवस मानाचा असतो. हा मान सगळ्यांना सारखा हवा, एवढंच ते म्हणत होते. एका कार्यक्रमात सरपंचाला शाल आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांना नुसता नमस्कार मिळाला, तर आपल्याला कसं वाटतं?

म्हणून पुढच्या वेळी अशी एखादी गरमागरम बातमी आली, की आम्ही तीन प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. एक, या बाईचं काम काय आहे आणि ते तिने कसं केलं? दोन, त्या कामाचं नाव आणि दाम तिला मिळालं का? तीन, तिच्याबद्दलच्या या बोलण्यातून पैसा कोण कमावतो आहे? तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर ती बातमी नाही, नुसता फोलपट आहे. पाखडून टाकून द्यावी.

हे तीन प्रश्न आपल्या गावालाही लागू पडतात. शेतात राबते बाई, पण सातबारावर तिचं नाव आहे का? गटाचं कर्ज तिच्या नावावर, मग त्यातून घेतलेली म्हैस कुणाच्या नावावर? मुलगी भुसावळच्या कॉलेजला गाडीने जाते, कबड्डी खेळते, गाणं म्हणते. तिच्याबद्दल पहिलं बोलणं तिच्या कामाचं निघतं, की तिच्या कपड्यांचं आणि ती कुणाशी बोलली त्याचं? दुर्गाबाई खोट्यांना लोकांच्या बोलण्याला घाबरून घरी बसवता आलं असतं. तशा किती जणी घरी बसल्या असतील, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आपल्याच तोंडच्या बोलण्याने आपली एखादी पोर घरी बसू नये.

येत्या बैठकीत हिशोबाची वही मिटली की एक करून पाहा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या अशा एका बाईचं नाव घ्यायचं, जिच्या कष्टाला कधी पदक मिळालं नाही. फुकणी फुंकून डोळे गमावलेली आजी असेल, शंभर बाळंतपणं सोडवलेली सुईण असेल, लग्नाकार्यात गाणी म्हणणारी मावशी असेल. तिचं नाव आणि तिचं काम वहीत लिहून ठेवायचं. 'श्रीमती अमुक यांची आई' किंवा 'तमुकची बायको' असं नाही, तिचं स्वतःचं नाव. आठवत नसेल, तर घरी जाऊन विचारायचं.